डेथ व्हॅलीत एकट्याने ड्राइव्ह आणि रेसट्रॅकचा कच्चा फाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की बे एरिया, एलए आणि वेगासकडच्या मराठी मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. लाँग वीकेंड आहे, कुणी सोबत नाहीये, एकटाच किंवा एकटीच कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कला जातोय, आणि ते चालणारे दगड बघायला आतल्या रस्त्याने जाऊ का? प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एकत्र लिहितोय. थोडं लांबलंय पण जायचं असेल तर पूर्ण वाचा.

हा फाटा म्हणजे नेमका कुठला?

पार्कच्या उत्तर भागात यूबीहीबी क्रेटर आहे, तिथपर्यंत मस्त डांबरी रोड. क्रेटरच्या अलीकडूनच एक कच्चा रस्ता उजवीकडे दक्षिणेला निघतो, तो साधारण २७ मैल जाऊन, ते चालणारे दगड जिथे आहेत त्या रेसट्रॅक प्लायाला पोचतो. प्लाया म्हणजे आटलेल्या तळ्याचा सपाट तळ, जवळजवळ ४.५ किमी लांब आणि २ किमी रुंद, उंची ११३० मीटरच्या आसपास. वाटेत टीकेटल जंक्शन लागतं, तिथल्या पाटीवर लोकांनी किटल्या टांगून ठेवल्यात. २७ मैल म्हणजे हायवेवर अर्धा तास, म्हणून सगळ्यांना वाटतं पटकन जाऊन येऊ, आणि घोळ तिथेच सुरू होतो. इथे एका बाजूला दीड ते दोन तास धरायचे. पार्कचं व्हिजिटर सेंटर जिथे आहे त्या फर्नेस क्रीकहून निघालात तर पार्कवालेच सांगतात की एका बाजूला कमीत कमी साडेतीन तास.

दगड खरंच चालतात का? एवढं जाऊन बघण्यासारखं आहे का?

हो, चालतात, आणि हो, बघण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं लोक जोरदार वाऱ्यापासून ते काय काय तर्क लावत होते, मग शास्त्रज्ञांनी दगडांमध्ये जीपीएस बसवून वाट बघितली आणि डिसेंबर २०१३ मध्ये प्रत्यक्ष डोळ्यांनी हालचाल बघितली, पेपर २०१४ मध्ये आला. होतं असं की हिवाळ्यात पाऊस पडून प्लायावर उथळ पाणी साचतं, रात्री त्यावर काही मिलिमीटर जाडीचा बर्फाचा पातळ थर धरतो, सकाळी उन्हाने तो फुटायला लागला की अगदी हलका वारासुद्धा बर्फाच्या त्या मोठमोठ्या चकत्या ढकलतो आणि त्या चकत्या दगडांना पुढे रेटतात, मिनिटाला दोन ते पाच मीटर, म्हणजे लांबून बघणाऱ्याला कळणारही नाही इतकं हळू. खाली मऊ चिखल असतो, त्यात माग उमटतो आणि पाणी आटलं की तो वर्षानुवर्षं राहतो. इतकं पाणी, इतकी थंडी आणि वारा एकत्र येणं फार दुर्मीळ, त्यामुळे दगड चालताना तुम्हाला दिसणार नाही, माग दिसतील. ते माग बघताना मला जे वाटलं ते मी शब्दात सांगू शकत नाही, म्हणूनच मी कुणाला सरसकट जाऊ नका म्हणत नाही. तयारीने जा एवढंच सांगतो.

रस्ता खरंच इतका वाईट आहे? यूट्यूबवर तर साध्या गाड्या दिसतात.

रस्ता फार चढाचा नाही, दरी नाही, ड्रायव्हिंग म्हणून बघितलं तर सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात गाडी चालवलेल्या माणसाला सोपाच वाटेल. त्रास दोन गोष्टींचा. एक वॉशबोर्ड, म्हणजे पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा मैलोन्मैल, त्यावर गाडी इतकी थडथडते की सैल असलेलं सगळं निघतं. दुसरी आणि खरी भीती म्हणजे धारदार दगड. ते टायर नुसता पंक्चर करत नाहीत, चिरतात. चिरलेला साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, पंक्चर किटने किंवा त्या फोमच्या बाटलीने भरत नाही, टायर गेलाच. लोक वॉशबोर्डचा त्रास चुकवायला स्पीड वाढवतात, चाळीसने गेलं की थडथड कमी होते हे खरं, पण त्याच स्पीडला दगड टायरमध्ये घुसतो आणि वळणावर गाडी घसरते. पंधरा मैलांच्या आसपास ठेवा, कंटाळा येईल, येऊ दे.

यूट्यूबवर जी साधी गाडी दिसते ती पोचलेली गाडी असते, टो करून आणलेल्या गाडीचा व्हिडिओ कोण टाकणार. शिवाय रस्त्याची अवस्था दर पावसानंतर बदलते. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाने एका दिवसात २.२ इंच पाऊस पाडला, म्हणजे तिथला जवळजवळ वर्षभराचा पाऊस, आणि पार्क दोन महिने बंद ठेवावं लागलं. मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघून यंदाचा रस्ता ठरवू नका, पार्कच्या साइटवर रस्त्यांची स्थिती टाकतात ती निघायच्या दिवशी सकाळी बघा आणि फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरमध्ये रेंजरला तोंडी विचारा. आपल्याकडे विचारायला लाज वाटते, पण त्यांना हे प्रश्न आवडतात.

रेंटल एसयूव्ही आहे, चालेल ना?

बहुतेक वेळा नाही. ग्राऊंड क्लिअरन्स ठीक असला तरी टायर हायवेचे असतात, पातळ. ट्रंक उघडून बघा, कित्येक नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, एक कॉम्प्रेसर आणि फोमची बाटली असते, नाहीतर ती सायकलच्या चाकासारखी बारकी डोनट स्टेपनी. दोन्हीचा इथे उपयोग शून्य. आणि रेंटल कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा, कच्च्या रस्त्यावर नेलीत तर बहुतेक कंपन्यांचं इन्शुरन्स लागू होत नाही, क्रेडिट कार्डवालं कव्हरही बऱ्याचदा नाही, आणि तिथून टो करायला सहज चार आकडी डॉलर लागतात, ते खिशातून.

लागतं काय? चांगलं क्लिअरन्स, जाड ऑल टेरेन टायर, पूर्ण साइजची स्टेपनी (एकटे असाल तर दोन असल्या तर उत्तम), जॅक आणि जॅकखाली ठेवायला फळी, आणि चाक बदलायची सवय. सवय म्हणजे व्हिडिओ बघितलेला नव्हे, घरासमोर एकदा स्वतःच्या हाताने बदललेलं चाक. रेंटल गाडीचे नट कधीकधी मशीनने इतके घट्ट आवळलेले असतात की गाडीतल्या पान्ह्याने हलत नाहीत, हे पार्किंग लॉटमध्ये कळलेलं बरं. हौस असेल तर फर्नेस क्रीकला अशा रस्त्यांसाठी तयार केलेल्या जीप दिवसाच्या भाड्याने मिळतात, सीझनमध्ये आधी फोन करून विचारा. महाग वाटेल, पण दोन टायर आणि टोईंगच्या बिलापुढे काहीच नाही.

टायरमधली हवा कमी करायची की नाही?

जाड ऑल टेरेन टायर असतील तर २५ पीएसआयच्या आसपास आणा, थडथड कमी होते आणि टायर दगडावर दबतो. हायवे टायर असतील तर फार कमी करू नका, साइडवॉल फुगून बाहेर येते आणि तीच चिरते. परत भरायला कॉम्प्रेसर हवाच, कमी हवेवर डांबरीवर साठच्या स्पीडने पळवणं धोक्याचं.

एकट्याने जाण्यात एवढा काय फरक पडतो?

सगळा फरक तिथेच आहे. दोन गाड्या असतील तर एक अडकली तरी दुसरी मदत आणते, दोन माणसं असतील तर एकाचा पाय मुरगळला तरी दुसरा जॅक लावतो. एकट्या माणसाची चूक निस्तरायला कुणीच नसतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही परत आला नाहीत हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पार्कमध्ये कोण आत गेलं आणि बाहेर आलं याची कुणी नोंद ठेवत नाही. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी रेसट्रॅक रोडवर दुसरी गाडी भेटते, पण मधल्या आठवड्यात दिवसभर कुणी दिसणार नाही असंही होतं.

म्हणून माझा एकच आग्रह आहे. हा फाटा घरून ठरवायचा, क्रेटरच्या पार्किंगमध्ये उभं राहून नाही. घरी ठरवला असेल तर गाडी, पाणी, वेळ, सांगून ठेवलेला माणूस सगळं त्याच हिशोबाने होतं. तिथे पोचून 'आता आलोच आहोत तर' म्हणून वळलात तर यातलं काहीच जवळ नसतं. घरून ठरलं नसेल तर क्रेटर बघा आणि डांबरीनेच परत फिरा.

कुणाला सांगून जायचं? आईला व्हॉट्सअ‍ॅप केलं तर पुरेल का?

आईला जरूर सांगा पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. पुण्यात, नाशकात बसलेल्या माणसाने तिकडून ९११ लावून कॅलिफोर्निया लागत नाही, वेळेचा फरक हिवाळ्यात साडेतेरा तास, आणि तुमचा फोन लागला नाही की आई-बाबा रात्रभर नुसते काळजीत. इथलाच एक माणूस धरा, रूममेट, ऑफिसमधला कुणी, चुलतभाऊ, जो फोन उचलतो असा. त्याला लेखी द्या : गाडीचं मॉडेल, रंग, नंबर प्लेट, कुठल्या रोडने आत जाणार आणि त्याच रोडने परत येणार, किती वाजेपर्यंत मेसेज येईल, आणि नाही आला तर किती वाजता कुणाला फोन करायचा. पार्कचा इमर्जन्सी नंबर साइटवरून काढून त्याच मेसेजमध्ये टाका. मग ठरलेलं बदलायचं नाही. सांगितलं रेसट्रॅक आणि गेलात दुसऱ्याच कॅनियनमध्ये, तर शोधणारे चुकीच्या ठिकाणी शोधतील.

रेंज विसराच, फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्सला थोडीफार मिळते, या रस्त्यावर नाही. आयफोन १४ पासून पुढच्या फोनवर सॅटेलाइटने एसओएस जातो, घरी डेमो मोड असतो तो करून बघा. गार्मिनचं इनरीच, म्हणजे सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र, असेल तर आणखी चांगलं. आकाश मोकळं दिसायला हवं, अरुंद कॅनियनमध्ये मेसेजला वेळ लागतो. सॅटेलाइट आहे म्हणून टायरवर तडजोड मात्र नको, मेसेज गेला तरी माणूस पोचायला कित्येक तास लागू शकतात.

फोनचा मॅप रस्ता दाखवतोय, मग काय प्रॉब्लेम?

मॅप रेष दाखवतो, रस्ता आहे की नाही ते नाही. डेथ व्हॅलीत जीपीएसवर विसंबू नका असं पार्कवाले स्वतः लिहितात, लोकांना बंद रस्त्यांवर आणि भलत्याच ठिकाणी नेलंय त्याने. ऑगस्ट २००९ मध्ये एक बाई आणि तिचा लहान मुलगा जीपीएसच्या मागे जाऊन पार्कच्या दक्षिण भागात वाळूत रुतले, पाच दिवसांनी रेंजर पोचला तेव्हा आई वाचली, मुलगा गेला होता. ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, आणि जोडीला व्हिजिटर सेंटरमधला कागदी मॅप घ्या.

त्या जर्मन कुटुंबाचं काय झालं होतं?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि फाटा घेण्याच्या धोक्याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही म्हणून सविस्तर लिहितो. जुलै १९९६. ड्रेस्डेनहून आलेले दोन मोठे, दोन मुलं, भाड्याची मिनीव्हॅन. ब्यूट व्हॅलीच्या बाजूला एका जुन्या खाणीच्या कॅम्पवरच्या वहीत त्यांनी पासवरून, म्हणजे खिंडीतून, पुढे जातोय असं जर्मनमध्ये लिहिलं होतं. तो मेंगल पास, वरचा भाग फोर बाय फोरशिवाय पार होत नाही. तपास करणाऱ्यांचा अंदाज असा की पुढे जाता येईना तेव्हा आल्या वाटेने मागे न फिरता त्यांनी अ‍ॅन्व्हिल कॅनियनचा रस्ता धरला, जो मॅपवर होता पण प्रत्यक्षात वाळूचा ओढा होता. ऑक्टोबरमध्ये व्हॅन सापडली, वाळूत रुतलेली, तीन टायर गेलेले. माणसं नाहीत. मोठ्यांचे अवशेष २००९ मध्ये काही मैल दक्षिणेला मिळाले. ते तिकडे का गेले असतील याचा एक तर्क असा की मॅपवर त्या दिशेला लष्करी तळाची हद्द दिसते आणि तिथे पहारा असेल असं त्यांना वाटलं असावं. पहारा नव्हता, तिकडेही वाळवंटच.

ही माणसं निष्काळजी होती असं मला वाटत नाही. सुट्टीचे दिवस थोडे, विमान पकडायचं, मॅपवर जवळचा रस्ता दिसतोय, कुणीही असा विचार करेल. म्हणून ही हकीकत माझ्या डोक्यातून जात नाही.

पाणी आणि गॅस (पेट्रोल) किती?

पाणी माणशी दिवसाला किमान एक गॅलन, आणि या रस्त्यासाठी दोन दिवसांचं धरून वर थोडं. सगळं एकाच कॅनमध्ये नको, एक फुटला की संपलं. पिण्याचं वेगळं, रेडिएटरसाठी वेगळं. सोबत मीठ-साखरेचं काहीतरी, ओआरएसची पाकिटं, चिवडा, भाकरवडी, जे टिकतं ते.

गॅस पार्कमध्ये फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पनामिंट स्प्रिंग्जला मिळतो, क्रेटरकडे काही नाही. स्टोव्हपाइपहून रेसट्रॅक जाऊन यायला दीडशे मैलांच्या आसपास, आणि कच्च्यावर मायलेज निम्म्यावर येतं असं धरूनच टाकी भरा. इलेक्ट्रिक गाडी घेऊन मी हा फाटा सुचवणार नाही.

उन्हाळ्यात सुट्टी आहे, तेव्हा गेलो तर?

नाही. यावर चर्चा नको. १९१३ च्या जुलैमध्ये फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलंय, त्या आकड्यावर वाद आहे, पण ५० च्या वर तर आता दर उन्हाळ्यात जातं. जुलै २०२४ मध्ये मोटरसायकलवाल्यांचा एक ग्रुप त्या उन्हात अडकला, तापमान ५३ च्या वर, त्यातला एक जण तिथेच दगावला, आणि इमर्जन्सी हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही कारण इतक्या गरम हवेत ते उडतच नाही. म्हणजे ज्या दिवशी मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी ती येणार नाही. विदर्भातल्या मे महिन्याची सवय आहे म्हणणाऱ्यांना प्रेमाने सांगतो, चंद्रपूरला ४७ मध्ये सावली, माठ आणि शेजारी असतात.

नोव्हेंबर ते मार्च जा. तेव्हा उलटा प्रश्न असतो, थंडी. रेसट्रॅकला रात्री पारा शून्याखाली जातो, त्यामुळे मुक्काम करणार नसलात तरी जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग गाडीत हवीच.

वेळेचं गणित कसं बसवू?

डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात त्या रस्त्यावर दगड दिसत नाहीत, म्हणून उजेडात क्रेटरला परत पोचायचं तर दीड-दोनच्या आत प्लाया सोडायला हवी. उलटं मोजत या : प्लायावर दोन तास, आत यायला दोन तास, म्हणजे क्रेटरहून सकाळी साडेनऊच्या आधी निघणं, म्हणजे फर्नेस क्रीकहून आठच्या आत. बे एरियातून रात्रभर गाडी मारून थेट तिथे जाऊ नका, आठ-नऊ तासांचा ड्राइव्ह आहे, झोप झालेली हवी. या पार्कमध्ये सगळ्यात जास्त माणसं उन्हाने किंवा साप चावून मरत नाहीत, एकट्या गाडीच्या अपघातात मरतात, सरळ रिकाम्या रस्त्यावर.

वाटेत एक टायर गेला तर पुढे जाऊ की मागे?

स्टेपनी लावा आणि मागे फिरा. प्लाया दोन मैलांवर असली तरी मागे. आता तुमच्याकडे स्टेपनी नाहीये आणि जितकं पुढे जाल तितकंच परत यायचंय. टीकेटल जंक्शनला, म्हणजे साधारण वीसाव्या मैलाला, उतरून चारही टायर हाताने चाचपून बघा, हवा निघत असेल तर तिथेच कळतं.

गाडी बंदच पडली तर चालत निघू का?

नाही, गाडीपाशी थांबा. गाडी लांबून आणि वरून दिसते, माणूस दिसत नाही. बॉनेट उघडं टाका, गाडीच्या सावलीत बसा, तहान लागली की पाणी प्या, उद्यासाठी राखून ठेवून आज कोरडं राहू नका. रात्री आत झोपा. सांगून ठेवलेला माणूस आहे ना, तो फोन करेल, म्हणून तर त्याला सांगितलं.

आलो त्या रस्त्याने परत न येता लिपिनकॉट रोडने खाली उतरलो तर?

मॅपवर फार मोहक दिसतो, रेसट्रॅकहून सरळ सेलीन व्हॅलीत उतरतो. अरुंद, एकेरी, तीव्र उतार, कडेला दरी, समोरून गाडी आली तर एकाला रिव्हर्स जावं लागतं. उतरलात तरी पुढे सेलीन व्हॅलीचा लांबलचक कच्चा रस्ता उरतोच. एकट्याने, पहिल्या वेळी, नाही.

हे सगळं जमणार नाही, मग ट्रिप वाया का?

अजिबात नाही. यूबीहीबी क्रेटर अर्धा मैल रुंद आणि सहाशे फूट खोल, तिथे डांबरीने जाता येतं. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खालचं बॅडवॉटर, झब्रिस्की पॉइंटची पहाट, मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या, वरून सगळं दाखवणारा डान्टेज व्ह्यू, सगळं साध्या सेडानमध्ये होतं. कच्च्याची हौस भागवायची तर ट्वेंटी म्यूल टीम कॅनियनचा छोटा एकेरी रस्ता आहे, कोरडा असेल तर सेडानही जाते. रेसट्रॅक पुढच्या वर्षी दोन गाड्या करून जा, बे एरियात माणसं मिळतात.

प्लायावर काय पाळायचं?

गाडी प्लायावर घालायची नाही, कधीच नाही. ओली असेल तर पायसुद्धा ठेवायचा नाही, पाऊल उमटतं आणि वर्षानुवर्षं जात नाही, आणि लोकांनी केलेल्या अशा खुणा बघून जीव तुटतो. दगड हलवायचा नाही, घरी आणायचा तर नाहीच. मधला काळा खडक म्हणजे ग्रँडस्टँड, बरेच जण तिथेच थांबून दगड कुठेत म्हणून शोधतात, दगडांसाठी आणखी दोन मैल दक्षिणेला जाऊन गाडी लावा आणि प्लाया ओलांडून पूर्वेच्या कडेपर्यंत चालत जा, पाण्याची बाटली घेऊन. ही सगळी टिंबिशा शोशोनी लोकांची भूमी आहे, ते आजही फर्नेस क्रीकला राहतात, त्या भानाने वागा.

परत डांबरीवर आलो, झालं ना?

अजून थोडं बाकी आहे. क्रेटरच्या पार्किंगमध्ये टायरमध्ये हवा भरा, चाकांचे नट पान्ह्याने तपासा, वॉशबोर्डवर सैल झालेले असू शकतात, खाली वाकून काही लोंबत नाही ना ते बघा. स्टेपनी लावून आला असाल तर त्या दिवशी दुसरा कुठलाही कच्चा रस्ता नको. रेंज आली की पहिला मेसेज त्या सांगून ठेवलेल्या माणसाला, फोटो नंतर, नाहीतर तो ठरलेल्या वेळी फोन लावेल आणि रेंजर तुम्हाला शोधायला त्याच रस्त्याने आत जातील.